चारशे सतरा गाड्यांत एकच मालनताई

शुक्रवारी सकाळी सव्वासात वाजता मालनताई मगदूम आपल्या शिकवणीच्या गाडीत बसल्या. त्यांनी पट्टा लावला, आरसा नीट केला, आणि गाडीने चक्क सुरू व्हायचं नाकारलं.

"सुप्रभात," गाडी म्हणाली. "आपला वाहनपरवाना निद्रिस्त करण्यात आलेला आहे. कृपया मागील आसनावर बसावे."

"कुणाचा परवाना?"

"श्रीमती मालन आप्पासाहेब मगदूम. वय वर्षे एकसष्ट. गडहिंग्लज."

"आणि मी मागं बसलो, तर गाडी कोण चालवणार? तुझा बा?"

गाडीला याचं उत्तर कोणी शिकवलेलं नव्हतं. तिने पुन्हा एकदा सुप्रभात म्हटलं.

मालनताईंनी फोन काढला. त्यात नोटीस येऊन पडली होती. मंगळवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी मालन मगदूम यांनी आजरा-आंबोली रस्त्यावर साठच्या जागी चौऱ्याण्णवच्या वेगाने गाडी हाकली. त्याच मिनिटाला त्या कोल्हापुरात शाळेसमोरून पन्नासने गेल्या, संकेश्वरजवळ त्यांनी ट्रकला डावीकडून मागे टाकलं, आणि चंदगडात त्या एकेरी रस्त्यावर उलट्या घुसल्या. प्रत्येकी तीन ठपके, एकूण बारा. बारा भरले की परवाना झोपतो. महिन्याने सुनावणी होते, आणि तिथे ठपके कायम झाले तर परवाना पुन्हा कधीच उठत नाही.

मंगळवारी दहा वाजून बारा मिनिटांनी मालनताई दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून बसल्या होत्या. त्यांना इतकं हसू आलं की ती दाढ पुन्हा ठणकायला लागली. मग नऊच्या बॅचची आठवण झाली आणि हसू जागच्या जागी थांबलं. सुतकाचे तेरा दिवस सोडले तर चौतीस वर्षांत मगदूम मोटार ट्रेनिंग स्कूलची नऊची बॅच एकदाही चुकली नव्हती. नवरा गेला त्या महिन्यातसुद्धा तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी त्या गाडीत होत्या. शिकवणं बंद झालं तर दिवसभर करायचं काय, हे त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी शिवगोंडा देसाई आला. गुळाचा व्यापारी, अंगाने भरलेला, बोलायला मवाळ आणि हट्टाला पक्का. त्याच्या हातातही फोन होता.

"मालनताई, मंगळवारी माझी गाडी तुमी न्हेली होती व्हय? एरवी मी त्यात बगत न्हाई, आज नोटीस आली म्हणून बगितलं. पेटी सांगतीया, चालक मालन मगदूम. न्या की, माझी काय ना न्हाई. मी मंगळवारी गुळाच्या टेंपोतनं कोल्हापूरला जातो, गाडी नुस्ती उभीच असती. पर चौऱ्याण्णव म्हंजे काय ओ? तुमीच आसं केल्यावर आमी कुणाकडं बगायचं?"

मालनताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिवगोंडाची गाडी मंगळवारी आंबोलीकडे कोण नेतं, हे गडहिंग्लजात फक्त त्यांना माहीत होतं. शिवगोंडाच्या मुलीने, दीपाने, दोन वर्षांपूर्वी आपल्या मनाने लग्न केलं आणि ती आंबोलीला रोपवाटिका चालवायला लागली. बापाने त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायला बंदी घातली होती. आईने, म्हणजे सुवर्णाने, तोंडाने हो म्हटलं आणि मालनताईंकडे येऊन गाडी शिकून घेतली. नवरा टेंपोत बसला की ही गाडीत बसायची. मंगळवारच्या मंगळवारी, दोन वर्षं.

"व्हय," मालनताई म्हणाल्या. "मीच न्हेली होती. जरा घाईत होतो."

"बगा म्हंजे," शिवगोंडा म्हणाला, आणि मालनताईंना चार शब्द सुनावल्याच्या समाधानात निघून गेला.

आता या पेटीविषयी सांगायला हवं. सन २०३८ पर्यंत देशातल्या झाडून सगळ्या गाड्यांत ती बसलेली होती. सरकारी कागदांत तिचं नाव 'वाहनसाक्षी', लोकांच्या तोंडी नुसती 'पेटी'. उपग्रहांकडून येणारे संकेत जुळवून गाडी या क्षणी कुठे आहे हे ती दर सेकंदाला काढते आणि रस्त्याकडेच्या खांबांना कळवते. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर ठरलेलं, लागलेला वेळ मोजलेला, मग भागाकार काय तो उरला. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि सरला की सुसाट, ही आपली जुनी कला त्या भागाकारापुढे चालेनाशी झाली. रस्ते खरंच निवळले, आणि मालनताईंनी तर पेटी आली त्या दिवशी पेढे वाटले होते.

पण पेटीला गाडी कळायची, माणूस कळायचा नाही. नोटीस आली की घरोघर एकच युक्ती होऊ लागली. गाडी कोण चालवत होतं? आजोबा! वर्षभरात राज्यातले हजारो अंथरुणाला खिळलेले आजोबा ताशी एकशे वीसने धावल्याची नोंद झाली. तेव्हा सरकारने पेटीत 'चाल' नावाची नवी विद्या घातली. जिन्यावर पाऊल वाजलं की आतल्या माणसाला कळतं, कोण आलं ते, तसंच हे. वळणाआधी पाय किती लवकर उचलतो, चाक सरळ करताना हात किती मागे-पुढे होतो, ब्रेक एका दमात दाबतो की दोनदा, असे चाळीस आकडे 'चाल' टिपते आणि त्यावरून चालक ओळखते. बोटाच्या ठशासारखा माणसाच्या चालवण्याचाही ठसा असतो म्हणे. ओळखलेलं नाव ती सरकारला कळवते आणि गाडीच्या मालकालाही. आजोबा सुटले. पण त्याच दिवसापासून कोण कुठे गेलं होतं, हे घरातल्या मालकाला बसल्या जागी फोनवर दिसायला लागलं, आणि याबद्दल पेढे कुणी वाटले नाहीत.

पुढच्या सोमवारी निषाद बापट आला. वय एकोणतीस, पाठीवर पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि अंगभर धूळ, कारण तो स्टँडपासून चालत आला होता. 'चाल' ज्या चौघांनी मिळून घडवली त्यातला तो एक. त्याला खास पुण्याहून पाठवलं होतं.

"काकू, तुम्ही म्हणजे आमच्या ऑफिसात दंतकथा झाला आहात," ओसरीवर बसल्या बसल्या तो म्हणाला. "तीन तालुक्यांत मिळून चारशे सतरा गाड्या आहेत, आणि आमच्या यंत्राच्या मते त्या सगळ्या तुम्ही चालवता. एकाच वेळी."

"मग माझा परवाना झोपवला कशाला? सत्कार करायचा की."

निषाद हसला. मग त्याने विचारलं, "तुम्ही शिकवता तरी कसं?"

मालनताईंनी आतून एक स्टीलची वाटी आणली. पहिल्या दिवसापासून ती काठोकाठ पाण्याने भरून गाडीच्या पुढच्या फळीवर ठेवायची आणि मग गाडी काढायची. पाणी सांडलं की थांबायचं, आपल्या हाताने पुसायचं, पुन्हा निघायचं. शेवटच्या दिवशी वाटीत पाण्याच्या जागी घरचा तांबडा रस्सा. आजऱ्याच्या रस्त्यावरची वळणं घेऊन परत येईपर्यंत थेंब सांडला नाही तर तो रस्सा भाकरीबरोबर खायचा आणि पास व्हायचं. जे शाकाहारी, त्यांना कटाची आमटी. चौतीस वर्षं हेच, आणि शिकून गेलेल्यांनी आपल्या पोरांनाही असंच शिकवलेलं.

निषाद वाटीकडे बघतच राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला.

"काकू, माणसाची ओळख त्याच्या धक्क्यांत असते! कुणी उशिरा ब्रेक मारतो, कुणी चाक झटकतो. आम्ही 'चाल' शहरांत शिकवली. तिथे कुणी भावाकडून शिकतं, कुणी मित्राकडून, त्यामुळे प्रत्येकाचे धक्के वेगळे. तुम्ही या वाटीने सगळ्यांचे धक्केच काढून टाकलेत. उरतो तो फक्त तुमचा हात."

मालनताईंना हे इतकं आवडलं की त्यांनी त्याला दुसऱ्यांदा चहा दिला. चहा संपता संपता निषादने उपायही सांगितला. मालनताईंनी विद्यार्थ्यांचं रजिस्टर द्यायचं. एकेकाला बोलावून, गाडीत जास्त बारीक यंत्र लावून, अर्धा तास चालवायला लावायचं. काहीतरी फरक सापडेलच. मग चारशे सतरांचे चारशे सतरा वेगळे होतील आणि मालनताईंचा परवाना सुनावणीआधीच जागा होईल.

"आणि मागचं?"

"मागचंही आपोआप दुरुस्त होईल. तीन वर्षांचे प्रवास साठवलेले आहेत. ज्याचा प्रवास त्याच्या नावावर जाईल, आणि गाडीच्या मालकांना दुरुस्त यादी पोचेल."

मालनताई उठल्या आणि कपाटातून रजिस्टर घेऊन आल्या. निषादने हात पुढे केला, पण त्यांनी ते त्याच्या हातात दिलं नाही, लांबूनच उघडून दाखवलं. अर्ध्या पानांवर रीतसर नावं होती. उरलेल्या पानांवर लिहिलं होतं: दोडका, सकाळी अकरा. शेवगा, दुपारी दोन. पडवळ, मंगळवार सोडून रोज.

"ही भाजीची यादी आहे?"

"बायका हाईत. घरात न सांगता शिकायला आल्या. नवरे, सासरे यायचे रजिस्टर बगायला, आपली बाई आली होती काय म्हणून. म्हणून भाज्या. एकशे तीस-चाळीस असतील. कुणी आईला भेटायला जाती, कुणी परीक्षेला जाती, एकजण नुस्ती धरणावर जाऊन तासभर बसून येती. तुजी दुरुस्त यादी घरी पोचली की ह्या सगळ्या एका दिवसात उघड्यावर येणार. रजिस्टर मिळणार न्हाई."

"पण मग तुमचा परवाना जाईल, काकू. कायमचा."

"ते कळलं मला."

निषादने पुढे केलेला हात मागे घेतला. त्याला हे कधी सुचलंच नव्हतं. त्याच्या लेखी ते चाळीस आकडे होते आणि आकड्यांना नवरे नसतात. जरा वेळाने विषय बदलावा म्हणून मालनताईंनी विचारलं, "तू गाडीनं न येता यष्टीनं कसा आलास?"

निषादचे कान लाल झाले. "मला गाडी चालवता येत नाही."

मग मालनताई अशा काही हसल्या की समोरच्या गच्चीवर वाळवण घालणारी शेजारीण डोकावून बघायला लागली.

"आरं देवा! चालवणाऱ्याला वळकायचं यंत्र काढलंस, आणि चालवायलाच येत न्हाई? ऊठ. शिकाऊ परवाना काढ. उद्या सातला ये."

हे त्यांनी परवान्याचा विचार करून म्हटलं नाही. गाडी न येणारं धडधाकट माणूस समोर बसलंय हे त्यांना सहनच होत नसे.

अडचण एकच होती. शिकाऊ माणसाशेजारी जागा परवाना असलेलं कुणीतरी लागतं. मालनताईंनी त्याच संध्याकाळी सुवर्णाला बोलावून घेतलं. उंच, शेलाटी, पन्नाशीला टेकलेली सुवर्णा आली आणि दारातच रडायला लागली.

"ताई, माझ्यापायी झालं. दीपाच्या कळा सुरू झाल्याचा फोन आला, आणि पाय दाबला गेला ओ. एकदाच. मुलगी झाली तिला. मी जाऊन सांगतो त्या साहेबांस्नी, ते चौऱ्याण्णव माजं हाय म्हणून."

"आणि शिवगोंडाला कळलं की?"

"गाडीची किल्ली काढून घेतील. मग नातीला बगणं संपलं." तिने पदराने डोळे पुसले. "पर तुमचं तरी वाचंल."

"गप. तू सांगायचं न्हाईस. तुला कुणी धरून सांगायला लावलं तर मग मी शिकवलं कशाला?" मालनताईंचा आवाज चढला. "पर चौऱ्याण्णव! सुवर्णा, बाळ येणार ते त्याच्या येळंला येणार हुतं. रस्त्यात कुणाचं पोर आडवं आलं आसतं म्हंजे? ह्याची शिक्षा तुला होणार. हे पुण्याचं पोरगं शिकंस्तोवर रोज सकाळी तू त्याच्या शेजारी बसायचंस. शिवगोंडाला सांग, ताईंच्या सोबतीला जातो म्हणून."

त्या महिन्यात गडहिंग्लजच्या लोकांनी रोज सकाळी एक मजेदार गाडी पाहिली. चाकामागे चष्मेवाला बापट, शेजारी सुवर्णा, आणि मागच्या आसनावर मधोमध मालनताई, दोन्ही आसनांमधून मान पुढे काढून. "पाय उचल. उचल म्हणतो न्हवं! वळण आल्यावर न्हाई, वळण दिसल्यावर. डोळं लांब, पाय हलका." पहिल्या आठवड्यात बापटाने सहा वाट्या पाणी आपल्या मांडीवर घेतलं. दुसऱ्या आठवड्यात सुवर्णा त्याला गुपचूप सांगायला लागली, "पाण्याकडं बगू नगा, साहेब. पाण्याकडं बगितलं की सांडतंय."

तिसऱ्या आठवड्यात एकदा घाटाच्या कडेच्या चहाच्या टपरीवर थांबले असताना सुवर्णाने फोनमध्ये बाळाचा फोटो दाखवला. टाळूवर उभे केस, मुठी आवळलेल्या. निषादने फोटो पाहिला, सुवर्णाकडे पाहिलं, रजिस्टरातला मंगळवार आठवला, पडवळासारखी उंची पाहिली, आणि त्याला एकदम कळलं.

"तुम्ही पडवळ आहात!"

"हळू बोला की," सुवर्णा म्हणाली, आणि तिघेही चहा सांडेपर्यंत हसले. पण त्या रात्री लॉजवर निषादला झोप लागली नाही. त्या टाळूवरच्या केसांची आणि आपल्या दुरुस्त यादीची त्याच्या मनात गाठ पडली होती, आणि ती सुटेना.

सकाळी येताना तो धावतच आला. "काकू! माझी चाल कोरी होती! मी आयुष्यात दुसऱ्या कुणाकडून शिकलेलो नाही. उद्या रश्श्याच्या परीक्षेला मी पेटीत माझंच यंत्र उघडं ठेवतो. बघू या, मला काय म्हणतं ते."

परीक्षेच्या दिवशी मालनताईंनी तांबडा रस्सा जरा जास्तच तिखट केला होता. वाटी काठोकाठ भरली. बापटाने गाडी काढली, आजऱ्याचा रस्ता धरला, वळणं घेतली, एका म्हशीला वाट दिली, एका लग्नाच्या वरातीमागे दहा मिनिटं न कुरकुरता चालवली आणि परतून फाटकाशी गाडी अशी थांबवली की वाटीतली तर्री हललीसुद्धा नाही. मग त्याने यंत्राकडे पाहिलं.

चालक: मालन मगदूम. खात्री: नव्याण्णव पूर्णांक दोन टक्के.

"मी मालन मगदूम!" तो ओरडला, आणि आनंदाने त्याने जी उडी मारली तिच्यात अख्खी वाटी त्याच्या पांढऱ्या शर्टावर आली. गाडी उभी होती, म्हणून मालनताईंनी त्याला पास केलं.

सुनावणी कोल्हापूरला होती. परिवहन खात्याच्या सुनावणी अधिकारी मुळीकबाई करड्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांच्यासमोर निषाद नोंदीचा कागद घेऊन उभा राहिला. चार वर्षं ज्याच्यासाठी घालवली त्याच यंत्राविरुद्ध तो बोलायला आला होता.

"मॅडम, 'चाल' चालक ओळखते असं आम्ही सरकारला लिहून दिलं. ते चूक आहे. शहरात ते बहुतेक वेळा खरं ठरतं, कारण तिथे प्रत्येकाचा शिकवणारा वेगळा. ती ओळखते ते शिकवणाऱ्याचा हात. ही माझी स्वतःची नोंद. मी पुण्याचा, वय एकोणतीस, आणि माझं यंत्र छातीठोकपणे सांगतं की मी एकसष्ट वर्षांची गडहिंग्लजची बाई आहे."

मुळीकबाईंनी नोंद वाचली, निषादच्या मिशांकडे पाहिलं आणि नोंद पुन्हा वाचली.

"म्हणजे या नावांवर एकालाही दोषी धरता येणार नाही."

"नाही. गाडीचा वेग खरा आहे, मॅडम. तो भागाकार आहे, तो चुकत नाही. गाडीला सूचना जाऊ दे, तिथल्या तिथे तिचा वेगही बांधता येईल. पण आत कोण बसलं होतं आणि कुठे चाललं होतं, हे आपल्याला कळत नाही. आणि मला वाटतं," इथे त्याने चष्मा नीट केला, "जे कळत नाही ते घरोघर कळवू नये."

मुळीकबाई मालनताईंकडे वळल्या. "आजरा-आंबोली रस्त्यावरच्या त्या गाडीत तुम्ही होतात?"

"न्हवतो."

"कोण होतं, माहीत आहे?"

"माहीत हाय."

"सांगाल?"

"न्हाई." मालनताई सरळ उभ्या होत्या. "वेगाबद्दल मी तिला बोलायचं ते बोललो. शिक्षा दिली, तिनं ती भोगली. माझ्याकडं शिकायला आलेल्या माणसानं मला काय सांगितलं, ते माझ्याजवळ ऱ्हातंय. त्याला परवाना जायचा आसंल तर जाऊ दे."

मुळीकबाईंनी पेन उघडलं. चौतीस वर्षांच्या सगळ्या सकाळी त्या बाईंच्या पेनाच्या टोकावर येऊन थांबल्या होत्या.

"तुम्हाला सक्ती करायची कायद्यात सोय नाही," मुळीकबाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. "असती तरी मला ती वापरायला आवडली नसती." त्यांनी सगळे ठपके रद्द केले, परवाना जागा केला आणि निकालात दोन ओळी जास्त लिहिल्या. राज्यभर चालकाचं नाव कळवणं त्या दिवसापासून थांबवावं, आणि साठवलेली जुनी नावं पुसून टाकावीत.

बाहेर आल्यावर मालनताईंनी बापटाच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा खाली आला. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायचा हा एकच मार्ग त्यांना ठाऊक होता. निषादही हसत होता. "माझी नोकरी राहील की नाही माहीत नाही, काकू."

"न्हाई राहिली तर दुपारची बॅच घे," त्या म्हणाल्या. "हात तर माझाच हाय तुजा."

नोकरी राहिली. पण दर शनिवारी तो गडहिंग्लजला यायला लागला, आणि दुपारची बॅचही त्याने घेतली.

निकालाची बातमी पसरली तसं शेवग्याने पेढे आणले, दोडक्याने शेंगदाण्याची पोळी पाठवली. एकशे कितीतरी बायकांनी त्या आठवड्यात मोकळा श्वास घेतला. सुवर्णा मात्र फिरकली नाही. पेटी आता कुणाला काही सांगणार नव्हती, मंगळवार कायमचा तिचा झाला होता, मग ही येऊन दोन शब्द बोलत का नाही, असं मालनताईंना वाटत राहिलं. थोडं वाईटही वाटलं.

पुढच्या मंगळवारी आठच्या सुमारास देसायांची गाडी फाटकाशी येऊन थांबली. चाकामागे सुवर्णा होती. शेजारी शिवगोंडा देसाई बसला होता, नवा शर्ट घालून, मांडीवर गुळाची ढेप आणि बाळाचं एक लोकरीचं टोपडं, आणि वरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

मालनताई गाडीजवळ गेल्या. काय विचारावं हेच त्यांना कळेना.

"मी सांगितलं त्यास्नी," सुवर्णा म्हणाली. "शनवारी, जेवताना. दोन वर्षं जातो म्हणून सांगितलं. चौऱ्याण्णवचंबी सांगितलं. दोन दिवस बोलले न्हाईत. काल राती म्हणाले, बाळ कुणासारखं दिसतंय."

"पर आता कशाला सांगितलंस गं? आता तर कुणीच तुला विचारणार न्हवतं."

"म्हणूनच," सुवर्णा म्हणाली. "कुणी विचारणार न्हवतं, म्हणून सांगता आलं."

मालनताईंनी खिडकीतून हात घालून तिच्या गालावरून फिरवला. शिवगोंडा समोर काचेकडेच बघत होता. त्याचे डोळे भरलेले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्याने मोठ्याने तक्रार सुरू केली.

"ताई, हिला जरा सांगा की. घरापास्नं हितवर तीसनं आणलीया. आसं गेलो तर आमी पोचंस्तोवर नात कॉलेजात जाईल!"

"साठ," मालनताई सुवर्णाला म्हणाल्या. "साठच्या वर न्हाई. पर साठ जाऊ दे आज."

सुवर्णाने आरसा पाहिला, डोळे लांब लावले आणि गाडी काढली.